बाबाच्या लढाईला हुंकार हवा

माजिवडा,
शिमग्याच्या आधीचा मंगळवार, १९५५

ती. सौ. सगुणाताईला धाकट्या नाथाचा दुरूनच पाय धरून नमस्कार. दाजींचा खोकला कमी झाला का? पोरांना माझ्याकडून एकेक चिमटा. डोंबिवलीच्या विहिरीचं पाणी आता गोड लागतं, की अजून नाक मुरडतेस? इकडे सगळे बरे आहोत. बाबा पौषात मिठागराच्या बांधावरून पडला तेव्हाचं डोक्याचं टेंगूळ गेलं, पण नावं विसरतो. मला परवा गोविंदा म्हणाला. (गोविंदाकाका जाऊन सात वर्षं झाली. मी ओ दिली. म्हाताऱ्याला वाईट कशाला वाटू द्या.)

तू वही पाठवलीस आणि लिहिलंस, बाबाची लढाई तो विसरायच्या आत उतरवून घे. घेतली, म्हणजे घ्यायला बसलो. पहिल्या दिवशी बाबा मीठ ओढत होता आणि मी बांधावर वही मांडीवर घेऊन. "आमी बोटीनं इटलीला गेलो," बाबा म्हणाला. मी लिहिलं. वर बघतो तर बाबा गप्प. म्हटलं, पुढे? तर म्हणतो, "पुढं काय? तू आयकतोस कुठं? हूं तरी बोल!" आता त्याचंही खरं आहे. आपल्याकडे ऐकणाऱ्याने मधून मधून हूं म्हटलं नाही की सांगणाऱ्याची गाडी जागच्या जागी. लहानपणी हुंकार तूच द्यायचीस, मी झोपायचो. पण ताई, मी पाचवीतून पळालेला माणूस. लिहिताना श्वाससुद्धा धरून ठेवतो, हूं कुठून काढू? हूं म्हणालो की अक्षर जातं, अक्षर धरलं की बाबा थांबतो. तीन दिवसांत पलटण बोटीतून उतरली, एवढंच झालं.

म्हणून हुंकाराला शेजारच्या काळुरामला बसवायचं ठरवलं. (हुंकार द्यावा तर त्यानेच, अख्खं गाव सांगेल.) त्याला बोलवायला निघालो तर आग्रा रोडवर सर्कशीची लॉरी बंद पडलेली, आत उंट. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, हे तुला माहीत होतं? मला नव्हतं. ते तीनदा बघेपर्यंत लॉरी सुरू झाली आणि मी तिच्यातच होतो. दोन दिवस कल्याणला गेले, ते राहू दे.

मग काळुराम आला, बसला, आणि काय हुंकार दिला! पण त्याचा जीव बैलांत. दारूगोळा डोंगरावर खेचरं न्यायची, हे बाबाच्या तोंडून निघालं मात्र, काळुराम विचारतो, "एक खेचर किती वझा नेतं रं?" झालं. खेचर खातं काय, नाल कोण मारतो, गोळा फुटला की पळतं का (पळत नाही; शेजारचं पळालं तर पळतं), चढावर बसलं तर उठवायचं कसं. वहीची अकरा पानं भरली, ताई, आणि जर्मन एकही नाही. मी मधेच विचारलं, बाबा, तू किती मारलेस? तर काळुराम माझ्यावरच डाफरला, "थांब रं, खेचराचं चाललंय!" आणि खरं सांगू, मलाही खेचराचंच ऐकायचं होतं.

बाराव्या पानावर खेचरं एका नदीच्या काठी पोचली. तेवढ्यात बैल सुटल्याची हाळी आली आणि काळुराम पळाला. बाबा तसाच नदीकाठी उभा. "तिथंच भिवा..." म्हणाला आणि थांबला. आपला भिवादादा, आंबिवलीच्या मालनआत्याचा एकुलता एक. मामा-भाचे एकाच दिवशी भरतीला गेलेले, परत आला तो मामाच. दहा वर्षं आत्या विचारतेय माझा पोर कसा गेला, आणि दहा वर्षं बाबा आंबिवलीची वाट टाळतोय. बाबा माझ्या पेन्सिलीकडे बघत होता. मी ती कानावर खोचली आणि म्हणालो, "हूं."

बाबाने सगळं सांगितलं. मी चाळीस-पन्नास वेळा तरी हूं म्हणालो असेन. मग त्याने तोंडावरून पंचा फिरवला, फळी उचलली आणि मीठ ओढायला लागला.

तर वही सोबत पाठवतोय. दाजींना सांग, खेचरांची माहिती पक्की आहे.

तुझा
नाथा

ता. क. नदीच्या पुढे वही कोरी आहे. पानं फाटलेली नाहीत, मी लिहिलंच नाही.

आणखी ता. क. काल लिहायला बसलो. नदी किती रुंद होती ते विचारायला बाबाकडे गेलो. म्हटलं, भिवादादा गेला ती नदी. तर म्हणाला, "कोन भिवा?" मला वाटलं टाळतोय. टाळत नव्हता गं. म्हणजे आता ते सगळं माझ्या एकट्यापाशी आहे, आणि उद्या मी कुठे असेन हे तर माझं मलाच सांगता येत नाही.

शेवटचा ता. क. म्हणून रविवारी ये. आपण दोघं आंबिवलीला जाऊ. आत्याला मी सांगतो, मला सगळं येतं. फक्त तिच्या तोंडून हूं निघेल असं वाटत नाही. तेवढं तू दे.