घंटा मिन्चेच्या डोक्यावर

ती. मिन्चेताईस,

धाकट्या नेलाचा वाकून नमस्कार. देवाच्या दयेने इकडे आम्ही सगळे खाऊन-पिऊन आहोत. तिकडे सुराबायात तुझे गुडघे कसे आहेत, सून कशी आहे, आणि तो पिंजऱ्यातला पक्षी अजून बोलतो का? (सुनेचं आणि पक्ष्याचं एका दमात विचारलं, त्यात माझ्या मनात काही नाही.) पत्र जाड आहे म्हणून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. म्हणजे बोनेफास गेला, पण तो ईस्टरच्या आधीच गेला, आणि तुला तो कधी आवडतही नव्हता.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू "बरं" म्हणतेस आणि फोन सुनेच्या हातात देतेस. त्याआधी नाताळच्या कार्डावर "बरं आहे" लिहायचीस. फोन आल्यापासून त्यातलं "आहे" पण गेलं. एकतीस वर्षं आपण दोघी त्या एका शब्दावर भागवतोय. पत्राचं तसं नाही, ते एकदा उघडलं की वाचावंच लागतं. मी तिसरीपर्यंत शिकलेली आणि तू सहावी पास, तेव्हा चुका निघतीलच. पूर्वी माझी पत्रं तू लाल पेन्सिलीने दुरुस्त करून परत पाठवायचीस. ती सगळी मी ठेवलीत. त्यात तुझं अक्षर माझ्यापेक्षा जास्त आहे.

आता मुद्द्याचं. ताई, तुझं झाड तोडायचं घाटतंय.

तुझं म्हणजे तुझंच, आईने तुझी नाळ पुरून तिच्यावर लावलेला तो किनाऱ्यावरचा माड. शहात्तर वर्षांचा झाला, तुझ्यासारखाच उंच आणि तुझ्यासारखाच जरा समुद्राकडे कललेला. (माझा माड तुला आठवत असेल तर विसर. अकरा वर्षांपूर्वीच्या वादळात तो आडवा झाला, आता त्याचं बाक केलंय. मी त्याच्यावरच बसून हे लिहितेय. स्वतःच्या झाडावर बसून पत्र लिहायला छान वाटतं, फक्त त्याचं एक टोक वर आहे, म्हणून ओळी उतरत चालल्यात.)

झालं असं, की गेल्या वर्षी आपल्याकडे एक परदेशी माणूस आला. आला म्हणजे निघाला होता दुसऱ्याच बेटावर, पण मोटारबोटीचं इंजिन आपल्या खडकांपुढे बंद पडलं आणि सुटा भाग तुआल बंदरातून यायला नऊ दिवस लागले. त्याचं नाव ओत्तो. बर्फाच्या देशातला, वय पासष्ट, कान लाल. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत होता. लिफ्ट म्हणजे सुराबायात तुझ्या दवाखान्यात असेल ती वरखाली जाणारी खोली. मी त्याला विचारलं, लग्न का नाही केलंस बाबा? तर म्हणाला, लिफ्टमध्ये माणसं फार थोडा वेळ भेटतात. मला त्याची इतकी दया आली की मी त्याला मागची खोली दिली. भाग आला, इंजिन चालू झालं, बोट गेली, हा राहिला. एनबल खायलाही शिकला. पहिल्या दिवशी ते कोरडंच चावायला गेला आणि मग हातात धरून बराच वेळ उलटसुलट बघत बसला, कसाव्याची भाकरी आहे की छपराची फळी आहे म्हणून. चहात बुडवायचं असतं हे सांगायचं मी विसरले होते. (मुद्दाम विसरले. हसू दे की म्हातारीला थोडं.)

तर या ओत्तोने ठरवलं की इथेच राहायचं आणि चार खोल्यांचं पाहुणेघर बांधायचं. परदेशी माणसाला जमीन विकत मिळत नाही, म्हणून घराण्याने किनाऱ्याची जागा त्याला पंचवीस वर्षांच्या कराराने दिली. गावप्रमुख लुकासने शिक्का मारला. (लुकास म्हणजे तेरेसाचा धाकटा, ज्याचं नाक तू पुसायचीस. आता खिशात रुमाल ठेवतो.) बिचाऱ्या ओत्तोला वाटलं, जमीन मिळाली म्हणजे झाडं मिळाली. सही झाल्यावर त्याला कळलं की जमीन घराण्याची आणि झाड ज्याचं त्याचं. त्या तुकड्यात सत्तेचाळीस माड आणि त्यांचे एकोणीस मालक. मग तो वही घेऊन दारोदार निघाला. दर घरात आधी बसा, मग चहा, मग केळी, मग मासा, मग झाडाचं बोलू. बारा दिवसांत त्याला पट्ट्याचं एक भोक पुढे सरकवावं लागलं. सगळ्यांनी आपापली झाडं मोबदला घेऊन सोडली, अडलं फक्त बोनेफासपाशी. तो तर स्मशानात. लुकास म्हणाला, मालक मेला असला तरी विचारलं पाहिजे. मग मी ओत्तोला तंबाखू आणि विड्याची पानं देऊन थडग्यापाशी नेलं. त्याने टोपी काढली, नीट विचारलं आणि वाट बघत उभा राहिला. मला हळूच म्हणाला, आजी (गावातली पोरं म्हणतात म्हणून तोही म्हणतो), उत्तर कसं कळणार? मी म्हटलं, बोनेफास जिवंत होता तेव्हा प्रश्न संपायच्या आत नाही म्हणायचा. एवढा वेळ गप्प आहे म्हणजे हो.

राहिलं एक झाड, तुझं. आणि पाहुणेघराच्या नकाशात ते बरोबर चुलीच्या जागेवर येत होतं.

ओत्तोने मला विचारलं की हे कुणाचं. मी सांगितलं, माझ्या बहिणीचं. कुठे असते? सुराबायात. मग तिला विचारू या. मी म्हटलं, विचारू या की. आणि मी विचारलं नाही. एक आठवडा म्हटलं फोन लागत नाही, दुसऱ्या आठवड्यात तुझा कान दुखवला, तिसऱ्यात तुझा फोनच पाण्यात टाकला. (कान खरोखर दुखायला लागला असेल तर क्षमा कर.) शेवटी तुआलहून करवतवाले आले. त्यांना दिवसावर मजुरी, ते कशाला थांबतात? म्हणाले, म्हातारीचं झाड आहे ना, म्हातारी नंतर येऊन बघेल. तेव्हा मी पहाटे उठले, कोवळी झावळी कापली, विणली आणि तुझ्या झाडाला बांधली. चार खुंट्या ठोकून भोवतीही फिरवली. आईने शिकवलेली गाठ अजून येते मला, बोटं वाकडी झाली तरी.

पुढचं तुला सांगायला नको, झावळी बांधली की जिच्या नावाची तिने सोडेपर्यंत झाडाला कुणी हात लावत नाही. करवतवाले आले, झावळी बघितली, करवती पिशवीत घातल्या आणि चहा प्यायला बसले. लुकासने मला बोलावलं. झावळी कुणाची, म्हणाला. मी म्हटलं, मिन्चेताईची. बांधली कुणी? मी. पण नाव तिचं? तिचं. मग सोडणारही तीच, तो म्हणाला आणि त्याने रुमाल काढून कपाळ पुसलं. तेव्हापासून तिथे कुणी पाऊल टाकत नाही. कोंबड्याही वळसा घालून जातात. एकटा ओत्तो न कळून ओलांडून गेला आणि दोन दिवस पोट धरून पडला. गावाने ते झावळीच्या माथी मारलं. मी त्याला आदल्या संध्याकाळी माझी मिरचीची चटणी वाढली होती, ते मी बोलले नाही.

आता तुला एक गोष्ट सांगते, जी मी तुला एकतीस वर्षांत कळवली नाही, कारण तुझा राग होता आणि माझाही होता. तू गेलीस त्यानंतर जुनी खाडी गाळाने भरली. बोटी आता तुझ्या झाडासमोरच्या खिंडीतून आत येतात. दोन्हीकडे खडक, मध्ये एक बोट जेमतेम. तिथे आत शिरायचं तर खूण लागते. टेकडीवरच्या चर्चची घंटा तुझ्या झाडाच्या शेंड्यावर बरोबर बसली की सुकाणू सरळ धरायचं. पोरं ते कसं म्हणतात माहीत आहे? "घंटा मिन्चेच्या डोक्यावर." रोज, ताई. मासे घेऊन येणारा प्रत्येक जण म्हणतो. ज्यांनी तुला कधी पाहिलं नाही ते म्हणतात. धुकं असलं की चिडतात, "मिन्चे आज कुठे मेली?" आणि दिसली की म्हणतात, "आली बघ मिन्चे." मी या बाकावर बसून ऐकते. पहिली काही वर्षं उठून घरात जायचे. मग जायचं सोडलं.

झाड तोडणार म्हटल्यावर नावाडी आधी भांडायला आले. तर ओत्तो म्हणाला, लोखंडी खांब उभारतो, वर उन्हावर चालणारा दिवा लावतो, रात्रीसुद्धा दिसेल. आणि ताई, ते मेले विचारात पडले. रात्रीसुद्धा म्हणे! मी ताट बाजूला सारलं. उद्या पोरं म्हणतील, "घंटा खांबाच्या डोक्यावर." कुणाची नाळ आहे त्या खांबाखाली?

खांब किती उंच हवा ते मोजायला ओत्तोने झाडावर चढायचं ठरवलं. लुकासने त्याला मोजण्यापुरती मुभा दिली, करवत न नेण्याच्या शपथेवर. आपला कुणीही पोरगा चढला असता, पण नाही, लिफ्टवाल्याला दुसऱ्याने वर गेलेलं चालत नाही. कमरेला पट्टे, पायाला आकडे, डोक्यावर टोपडं. सकाळी चढला तो शेंड्यापर्यंत पोचला, आणि वरचा पट्टा अडकला. वरही जाईना, खालीही येईना. मी खालून विचारलं, लिफ्टमध्ये माणूस अडकला की तुमच्याकडे काय करतात? वरून म्हणाला, घंटा वाजवतात आणि वाट बघतात. म्हणून आम्ही चर्चची घंटा वाजवली. सगळं गाव जमलं. पाद्रीबाबा तेलाची कुपी घेऊन धावत आले, त्यांना वाटलं कुणाचं शेवटचं आलं. दुसऱ्या माडावरून दोर टाकून त्याला उतरवेपर्यंत दुपार झाली, आणि मधल्या वेळात मासेमारीच्या बोटी आत आल्या. तो वर, बोटी खाली, आणि प्रत्येक बोटीतून हात वर करून ओरडणं, "मिन्चेला आज टोपडं कुणी घातलं रे?" ओत्तो वरून प्रत्येकाला हात करत होता.

उतरल्यावर पाणी प्यायला. मग माझ्याजवळ बसून एक वाक्य बोलला. ते मी नंतर सांगते, आत्ता माझा भात लागतोय.

(भात वाचला. थोडा खाली धरला, तो मला आवडतोच.)

तर ताई, सगळं गाव आता तुझ्यासाठी खोळंबलंय. झावळी तुझ्या नावाची, झाड तुझं, तोडायचं की ठेवायचं ते तूच येऊन सांगायचं. जहाज दर पंधरवड्याला सुटतं. खालची गादी घे, वरच्या गादीवर चढताना तुझे गुडघे बोलतील. आई गेली त्या दिवसांत त्या साच्यावरून आपलं जे झालं आणि तू मागे न बघता बोटीत चढलीस, ते मी उकरून काढणार नाही. तूही काढू नकोस. तुला काही म्हणायचं असलं तर इथे येऊन "बरं" म्हण. मी समोर असेन आणि मध्ये सून नसेल.

तुझीच,
नेला

ता.क. येताना शिवणयंत्राच्या सुया आण, जाड. आणि तिकडचे कोळंबीचे पापड. पक्षी आणू नकोस.

ता.क. दुसरा. लुकास म्हणतो, बहिणीने पत्रातून परवानगी लिहून पाठवली तरी झावळी सोडता येईल, यायची गरज नाही. मी त्याला सांगितलं, माझी बहीण लिहीत नाही. तर लिहू नकोस.

ता.क. तिसरा. साचा फुटलेला नव्हता. तू म्हणालीस की मी खोटं बोलते, आणि मी खोटंच बोलत होते. आईचा सागूच्या पोळ्या भाजायचा मातीचा साचा मी तांदळाच्या मडक्यात लपवला होता. तुझ्याकडे सुराबाया होतं, नवरा होता, विजेचा दिवा होता, मला वाटलं साचा तरी माझा असू दे. एकतीस वर्षांत मी त्यात पोळ्या भाजल्या आणि एकही घशाखाली सुखाने गेली नाही. (चवीला चांगल्या होतात.) आता खरंच एका खाचेला चीर गेली आहे, म्हणजे मी अगदीच खोटं नाही बोलले, फक्त लवकर बोलले. साचा तुझा. पण न्यायला यावं लागेल, टपालात फुटेल.

ता.क. चौथा. हा लिहू नये असं वाटत होतं, पण तिसरा लिहिल्यावर हात थांबेना. ओत्तो त्या दिवशी खाली उतरून काय म्हणाला ते सांगायचं राहिलं. म्हणाला, "आजी, लिफ्टमध्ये मधला दोर कुणी हलवत नाही. बाकी सगळं त्याच्याभोवती बांधतात." दुसऱ्या दिवशी त्याने नकाशा खोडला. चूल मागे गेली, आणि तुझं झाड ओसरीच्या मधोमध छपराला भोक पाडून वर जाणार आहे. करवतवाले कधीच परत गेले, खांबही रद्द झाला. तेव्हा ताई, झाड कुणी तोडत नाहीये. त्यासाठी यायचं काही कारण उरलेलं नाही.

झावळी मी तरीही सोडलेली नाही. ती सोडायचा हक्क मला नाही.

आणि एक. येशील तेव्हा तुआलहून सकाळची बोट घे, भरती असते. खिंडीपाशी आल्यावर नावाडी डोळे बारीक करून किनाऱ्याकडे बघेल आणि म्हणेल, आली बघ मिन्चे. तू पुढेच बसलेली असशील. त्याला लगेच काही सांगू नकोस. आधी बोट नीट आत घेऊ दे.