आडाशेजारचा बोअर

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

नांदूरघाट, ता. १२ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. रुद्राणीताईस केदारनाथचा शि. सा. शरणार्थ.

वि. वि. फोनवर मी चिडतो आणि तू फोन ठेवतेस, म्हणून हे पत्र. मोसंबीसाठी आडाला लागूनच बोअर घेतला. पाणी लागलं. जरा मचूळ आहे, पण मोसंबीला काय कळतं. पाइपाला कान लावला की आत पाणी पडल्याचा आवाज अखंड येतो. सगळी भावकी ऐकून गेली. सुंदररावकाका दोनदा येऊन ऐकून गेले आणि दोन्ही वेळा चहा प्याले.

आड मात्र त्याच आठवड्यात आटला. यंदा ऊन लवकर पडलं. आईचं वेगळंच सुरू आहे. बोअरच्या पाण्याने इष्टलिंगावर पांढरा थर चढतो, म्हणून ती त्याने पूजा करत नाही, आणि पूजेशिवाय जेवत नाही. आडाच्या तळाला तांब्याभर पाझरलं की पूजा, मग भाकरी. कधी दुपारी, कधी दिवेलागणीला. वाळून काडी झाली आहे. तू तिची समजूत घाल, माझं ती ऐकत नाही.

भावजींना शरणार्थ. लोभ आहेच, तो तरी आटू देऊ नये.

तुझा,
केदारनाथ

परळी वैजनाथ, ता. १९ फेब्रुवारी २०२५

चि. केदारनाथ यास रुद्राणीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. इकडे सर्व क्षेम. यांना दुकानातून उसंत नाही, आणि दोरीवरचे कपडे नेहमीप्रमाणे वीजकेंद्राच्या राखेने करडे होऊन वाळतात.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पाणी पडतंय म्हणतोस, ते पडतंय कुठून? खालचं पाणी पडत नाही, वर चढतं. पडायला ते वरूनच यावं लागतं, आणि वर शेजारी आपला आड आहे. तू पाइप वरच्या मुरमापुरता घालून थांबला असशील. खाली आडाचा झरा फुटून तुझ्या बोअरात उतरतो आहे. बहात्तरच्या दुष्काळात सगळी वस्ती ज्या आडावर तगली, तो मरताना तू भावकीला ऐकवलास. वर चहा पाजलास.

आईची समजूत मी घालणार नाही, तूच काय ते कर. ती उपाशी असेल या विचाराने मला इथे घास उतरत नाही. तिला दूध तरी घ्यायला लाव.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
ताई

नांदूरघाट, ता. ३ मार्च २०२५

ती. सौ. ताईस शि. सा. शरणार्थ.

रागावलो होतो. मग आडात उतरून पाहिलं. झऱ्याची कपार कोरडी आहे आणि तिचं तोंड बोअरकडे आहे. तरी आठ दिवस काही केलं नाही, कारण मोसंबी यंदाच पहिल्यांदा धरली होती. आईपुढे विकतच्या जारचं पाणी ठेवलं. मशिनीतून निघालेलं पाणी लिंगाला घालणार नाही म्हणाली. परवा पूजेला बसताना तिचा तोल गेला.

काल मोटर वर काढली आणि बोअर चिकणमातीने ठासून बुजवला. सुंदररावकाका येऊन म्हणाले की चालता बोअर बुजवणारा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता. त्यांना चहा दिला नाही.

बाकी लिहिण्यासारखं नाही. लोभ असू दे, सध्या त्याची गरज आहे.

केदारनाथ

नांदूरघाट, ता. ९ मार्च २०२५

चि. सौ. रुद्राणीस आईचा आशीर्वाद.

अक्षर माझंच हाय, वाकडं दिसलं तर चष्म्याला बोल. आडाला अजून पानी न्हाई. केदार रोज वाकून बघतो. मोसंबीची पानं वळायलीत, तिकडं बघत न्हाई.

माझी काळजी सोड. बोअर बुजवला त्याच दिवशी मी जारच्या पान्यानं पूजा केली अन् दोन भाकरी खाल्ल्या. हेच पानी आधी कावून चाललं न्हाई, असं केदारनं इचारलं. मी म्हनले, आधी भूक नव्हती.

तुला खरं सांगते. जारचं पानी मला पहिल्या दिवशीच चाललं असतं. पन मी जेवले असते, तर बोअर चालूच ऱ्हायला असता. शेजारची कडूबाई त्याच आडावर शेरडं पाजायची. आता ती दोन कोस लांब हाकते, त्यातली दोन वाटंतच मेली. शेरडांना पूजा न्हाई, तवा त्यांच्या तहानंला कोन इचारतं? म्हनून मी उपाशी बसले.

हे केदारला कळू देऊ नको. त्याला वाटतं, त्यानं माझा जीव वाचवला. तसंच वाटू दे. पोराचं लई गेलंय.

जावईबापूंना आशीर्वाद. आईवर जीव असू दे.

नीलम्मा