जानकीबाईच्या पाटीतला कॅमेरा

रवि., १७ नोव्हें. ६३, डहाणू
शाळेतला ड्रॉइंग मास्तर मधू माझा आठ मि.मी. कॅमेरा घेऊन फिरतोय. गोष्ट नसलेली फिल्म काढायचीय म्हणे. परवा झरीला बैलगाडीच्या चाकाला बांधला! आज कॅमेऱ्याच्या काळजीने नरपडला सोबत गेलो (त्याला तसं सांगितलं). मासळीवाली जानकीबाई बाजाराला निघालेली. पठ्ठ्याने कॅमेरा तिच्या पाटीत, सुक्या बोंबलांवर ठेवला.
"माज्या डोक्यावरून काय दिसनार रं मास्तर?"
"तेच बघायचंय, बाय."
कॅमेऱ्याच्या स्प्रिंगला चावी द्यायला तिच्यामागे पळत होता. बावीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवतोय मी. मला का नाही सुचलं...

रवि., ८ डिसें.
फिल्म मुंबईहून धुऊन आली. वर्गाच्या खिडक्यांना चादरी लावून पाहिली. चाकाबरोबर शेत वर, आभाळ खाली. मग जानकीबाईची चाल. अख्खा रस्ता तिच्या मानेवर डुलत होता. उजेड चुकलेला, तरी नजर हलेना. जानकीबाई पदर तोंडाला लावून बसली होती.
घरी बायको, सुशी, म्हणाली, "तुम्ही आजवर सगळ्यांना खुर्चीतच बसवलंत." जेवलो नाही.

शुक्र., १३ डिसें.
सामान आणायला मुंबईला. मधूने रीळ दिलं होतं, तिथल्या फिल्मवाल्या मंडळाला द्यायला; बघून ते कळवणार. एकुलती एक प्रत. पत्ता सापडला. दारापर्यंत गेलो. आतून हसण्याचे आवाज. परत फिरलो.
संध्याकाळी डहाणू स्टेशनवर मधू हजर. "दिलंत, अण्णा?"
"दिलं."

रवि., २२ डिसें.
गुपचूप नरपड. जानकीबाईच्या पाटीत मीच कॅमेरा ठेवला. "सरळ चाल, हलू नकोस," म्हणालो. "मग मी चालू कशी?" म्हणाली.

गुरु., ९ जाने. ६४
माझी फिल्म आली. उजेड अचूक. चित्र स्वच्छ. दोन मिनिटंही बघवली नाही.
मधू तीनदा विचारून गेला, मंडळाचं उत्तर का नाही. चेहरा उतरलाय. वाईट वाटलं. थोडं बरंही वाटलं. लिहून ठेवतो.

शनि., ११ जाने.
मधू आज सकाळच्या गाडीने मुंबईला निघालाय, स्वतः चौकशी करायला. पहाटेच उठलो. सुशीने चहा पुढे ठेवला.
"स्टेशनवर जाऊन येतो. मधू चाललाय."
"रीळ घेतलंत ना?"
म्हणजे इतके दिवस हिला ठाऊक होतं...
रीळ पिशवीत, पिशवी खांद्यावर आहे. काय बोलायचं, ठरत नाही. गाडीला अर्धा तास आहे.