अनोळखी इसम, वय अंदाजे तीस

रविवार, ६ डिसेंबर १९५९

नको म्हणालो होतो! तरी आज ताडपत्री निघाली. जवळजवळ चार वर्षे अंगणाच्या कोपऱ्यात ती मोटारसायकल झाकून ठेवली होती. धाकट्या श्यामकांतने तिला तेल घातले, चाके फिरवली, आणि मी संध्येला बसलो असताना ती बोलली. तोच आवाज. पळी हातातून निसटून पंचपात्रात पडली. क्षणभर वाटले, थोरला आला. आता तिसऱ्या पायरीवर थांबेल, जोडे काढील, सुमतीला हाक मारील.

कोणी आले नाही. पुन्हा आचमन केले.

ठाकूरद्वारच्या नाक्यावर पेढे वाटत आहेत. द्वैभाषिक मोडणार, मुंबई आपली राहणार. शेजारचे तात्या दारात येऊन म्हणाले, "तुमच्या कमलाकांताचं रक्त कामी आलं हो, मनमोहनराव!" पेढा देवापुढे ठेवला. त्यांना काय सांगू? माझा मुलगा गोळीने गेला नाही. छप्पन सालच्या त्या दंगलीच्या दिवसांत लालबागेत त्याची गाडी आडवी झाली. इस्पितळाच्या नोंदीत जखम एकच, खरचटलेला गुडघा. आम्ही इस्पितळे पालथी घालीत हिंडलो, तेव्हा चौथ्या दिवशी एका नोंदवहीत ओळ सापडली — 'अनोळखी इसम, वय अंदाजे तीस.' खाली कपड्यांचे वर्णन त्याचेच. तोवर बेवारस म्हणून अग्नी दिलेला. अस्थीही हाती आल्या नाहीत. दर्भाचा पुतळा करून क्रिया केली.

ज्याच्या कानात मी बारशाला नाव सांगितले, तो नावावाचून गेला!

बुधवार, ९ डिसेंबर

सकाळी स्वयंपाकघरात पितळी पातेल्यात इंजेक्शनची काचेची पिचकारी खदखदत असते. हा आवाज ओळखीचा आहे. सुमती पूर्वी नवऱ्यासाठी सुई उकळीत असे, आता दिरासाठी उकळते. थोरल्याचाच मधुमेह सहा महिन्यांपूर्वी धाकट्याला निघाला. दैव म्हणावे, की आमच्या रक्ताचा दोष?

आज डॉक्टर हेमचंद्र आले होते. त्यांचे म्हणणे, श्यामकांतने परळच्या गिरणीत मोटारसायकलवरून खुशाल जावे. परंतु खिशात लेखी टिपण हवेच. "इन्शुलिन घेतलं आणि खाणं लांबलं, की साखर एकाएकी उतरते. माणूस घामाघूम होतो, प्यायल्यासारखा बरळतो, मग शुद्ध जाते. वेळेत चार चमचे साखर पोटात गेली तर उठून बसतो. पण रस्त्यावरच्या माणसाला हे कळणार कसं? नाव, पत्ता, रोग, उपाय — लिहून जवळ ठेवा. मी कमलाकांतालाही हेच सांगितलं होतं."

सांगितले होते, खरे आहे. त्याने कार्ड लिहून पाकिटात ठेवलेही होते. नेमके त्या दिवशी पाकीट त्याच्याजवळ नव्हते. कोठे टाकले, कोणी काढून घेतले, ईश्वर जाणे. निष्काळजी! चार वर्षे मी हेच म्हणत आलो. आज डॉक्टरांपुढेही म्हणालो.

सुमती पातेले उचलून आत गेली.

शनिवार, १२ डिसेंबर

श्यामकांतने चामड्याचे पाकीट विकत आणले. मी स्पष्ट सांगितले, रोज सकाळी तू देवाच्या पाया पडून निघतोस. चामडे अंगावर बाळगून देवघरात येणे मला चालणार नाही. सोनाराकडून चांदीचा ताईत करवून घेतला आहे. आत स्तोत्राची चिठ्ठी, आणि तिच्या पाठीवर नाव, गोत्र, पत्ता, रोग, उपाय — सारे माझ्या बारीक अक्षरात. तोंड लाखेने बंद केले. 'मेलो किंवा पडलो तर' असे उघड्या कागदावर लिहून का मिरवावे? ते देवाच्या नावाखाली झाकलेले बरे.

श्यामकांत हसला. "भाऊ, मी रस्त्यात पडलो तर लोक ताईताला हात जोडतील. उघडणार कोण?"

"ज्याला गरज, तो उघडील."

सुमती माझ्या बोलण्यात कधी मध्ये पडत नाही. आज पडली. "मामंजी, पाकीटच असू दे ना त्यांच्याजवळ. चामड्याचं असलं म्हणून काय झालं?"

मी ताईत पुढे धरला. श्यामकांतने मुकाट्याने ताईत दंडाला बांधला. मुलगा आज्ञाधारक आहे.

गुरुवार, १७ डिसेंबर

तर्पणाच्या वेळी दाराशी कोणी उभे असल्याचा भास पुन्हा झाला. कमलाकांताचे नाव घेतले, गोत्र घेतले. ओंजळीतले पाणी सुटेना. जणू दारातला विचारतो आहे — हे कोणाचे नाव?

रविवार, २० डिसेंबर

आज जे ऐकले ते जसेच्या तसे लिहून ठेवतो.

श्यामकांतच्या गिरणीत दौलत नावाचा कोकणातला एक कामगार आहे. फाटकाशी गाडी पाहून तो थबकला म्हणे. त्यानेच तेव्हा ती लालबागेत आपल्या चाळीत नेऊन ठेवली होती, आणि पोलिसांच्या हवाली केली होती. श्यामकांत त्याला घरी घेऊन आला. चाळिशीचा गृहस्थ, धुतलेला सदरा, खुर्चीच्या कडेवर टेकलेला.

"ही फटफटी मी बरोबर वळाखतंय, काकानू. आठ दिवस रोज पुसत होतंय. गाडी जोरात नव्हती. आडवी झाली, हे उठून बसले. पण घामान चिंब, नि बोलणा सगळा वाकडा. नाव इचारलं, तर म्हणतत, आधी गाडी उचला!"

आधी गाडी उचला. होय, कमलाकांतच तो.

"लोक म्हणाले, प्यायलाय. दारूबंदीचे दिवस, त्यात पोलीस खवळलेले. म्हटलं, चांगल्या घरचो माणूस दिसता, उगाच मार खायत. आमच्या खोलीत नेऊन निजवलं. उतरांदे जरा."

"मग?" मी विचारले.

"आमची मालन म्हणाली, गूळपाणी देऊया. मीच नको म्हटलं. प्यायलेल्याला गोड दिल्यार जास्तच चढता ना!"

श्यामकांत उठलाच — "अहो दौलतराव, तेच तर—"

तोच सुमती चहाचा कप घेऊन बाहेर आली. परक्यासमोर ती सहसा येत नाही. श्यामकांतकडे तिने असे पाहिले की तो खाली बसला. "चहा घ्या, दौलतभाऊ," ती म्हणाली. "इतकी माणसं रस्त्यावर होती, पण तुम्ही त्यांना आपल्या घरात नेलंत."

दौलतचे डोळे भरून आले. तासाभराने हलवून पाहिले तर हलेनात, मग हातगाडीवर घालून इस्पितळात नेले, हे त्याने सांगितले. गल्लीतल्या दोघांनी हातगाडी ढकलली. दगड पडत होते.

मी मात्र विचारले, "आणि पाकीट?"

"खिसे दोनय बघितले. रुमाल नि तिळगुळाची पुडी. कागद म्हणून काय गावला नाय."

"गावला नाही, की—?"

त्याने कप खाली ठेवला. "काकानू, चोरायचाच होता तर फटफटी कित्याक पुसून ठेवली असती?"

अर्धा चहा तसाच टाकून गेला. सुमती कप उचलताना माझ्याकडे बघत राहिली. मी नजर वळवली. चार वर्षांपूर्वी साखर खिशात होती, गूळ खोलीत होता — आणि सांगणारा कागद नव्हता. तो कागद कोणीतरी घेतलाच असला पाहिजे!

सोमवार, ४ जानेवारी १९६०

तिथीप्रमाणे थोरल्याचे श्राद्ध आज झाले. दारातला आज दिवसभर हलला नाही.

रविवार, १० जानेवारी

देवघरातल्या पोथ्यांच्या कपाटाला वाळवी लागली. सुमती भाजीला गेली होती. श्यामकांतने कपाट भिंतीपासून ओढले आणि पोथ्यांचे गठ्ठे उन्हात टाकायला गच्चीवर नेऊ लागला. मी मागे वाकून पाहिले. चार बोटे धूळ, जळमटे, मोडकी समई. आणि खालच्या फळीखाली, भिंतीकडे, पाकीट. काळे, मऊ.

उपरण्याखाली लपविले. दार लावून उघडले. वाहन चालविण्याचा परवाना. सुमतीचे छायाचित्र. आणि कार्ड, कमलाकांतच्या टपोऱ्या अक्षरात —

'मी कमलाकांत मनमोहन धैर्यवान. मला मधुमेह आहे व मी इन्शुलिन घेतो. मी बरळताना किंवा बेशुद्ध आढळलो तर मी मद्य प्यालेलो नाही. शुद्धीवर असल्यास साखर किंवा गूळ खाऊ घालावा, नसल्यास त्वरित डॉक्टरांकडे न्यावे, आणि माझ्या वडिलांना कळवावे.'

माझ्या वडिलांना कळवावे.

आता सारे लख्ख दिसते. संक्रांत होऊन गेली होती. हरताळामुळे गिरगावातली दुकाने बंद. घरातले इन्शुलिन संपत आलेले, म्हणून सकाळचे टोचून घेऊन नवे आणायला तो परळला निघाला. मी सोवळ्यात पूजा करीत होतो. देवापुढची तिळगुळाची पुडी घ्यायला तो आत आला आणि पाकीट चौरंगाच्या कडेवर ठेवले. "चामडे! पूजेत!" मी ओरडलो. हाताने शिवायचे नाही, म्हणून पाटाच्या टोकाने ढकलून दिले. फरशीवरून ते सरकत गेल्याचा आवाज आला होता. "चुकलं, भाऊ," म्हणत तो घाईने गेला. मी मंत्र जिथे तुटला होता तिथून पुढे चालू केला. मला वाटले, त्याने उचलले असेल.

वाटले का? की मी पाहिलेच नाही?

कोणी चोरले नाही. तो निष्काळजी नव्हता. माझ्या मुलाचे नाव मी पाटाने ढकलले.

सोमवार, ११ जानेवारी

तर्पणाला बसलो. दाराकडे पाहण्याचे धैर्य झाले नाही.

मंगळवार, १२ जानेवारी

श्यामकांत पाया पडायला आला, तेव्हा त्याच्या दंडाचा ताईत सोडला आणि लाख फोडली. चिठ्ठीवरचा सारा मजकूर कालच आठवून पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर ठळक अक्षरांत उतरवून ठेवला होता. त्याचे ते चामड्याचे पाकीट मागितले, कार्ड आत घातले, आणि माझ्या हाताने त्याच्या कोटाच्या खिशात ठेवले.

"भाऊ! तुम्ही सोवळ्यात आहात!"

"सोवळे पुन्हा नेसता येते."

गाडी सुरू झाल्यावर मी जिन्यापर्यंत गेलो आणि ओरडून विचारले, पाकीट आहे ना? आळीतल्या लोकांनी वर पाहिले. त्याने खिशावर हात थोपटला.

गुरुवार, १४ जानेवारी. संक्रांत

लालबागेत दौलतच्या खोलीवर गेलो. दोन जिने चढताना धाप लागली. त्याच्या बायकोने, मालनने, काही न विचारता गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. "उन्हातून आलात, आधी गूळ खावा."

चाळीस वर्षांत बाहेरचे पाणी घेतलेले नाही. खडा तोंडात टाकला. तो विरघळेपर्यंत मी समोरच्या कोनाड्याकडे पाहत राहिलो. याच खोलीत. बहुधा याच कोनाड्यातला डबा.

हात जोडून म्हणालो, "पाकीट माझ्याच घरी सापडले. तुमच्यावर खोटा आळ घेतला. क्षमा करा."

"असां काय करतात, काकानू! बसा आधी." मग सुटल्यासारखा हसला. "चार आठवडे जेवण गोड लागला नाय. ही रोज टोमणे मारी, तुमका बघून चोर वाटता खरा!" मालनने त्याला डोळे वटारले. तो गंभीर झाला. "पण खरा सांगा. तेंका नक्की झाला काय होता?"

सुमतीने त्या दिवशी चहाचा कप का आणला, ते मला तेव्हा कळले.

"डोक्याला आतून मार लागला होता," मी म्हणालो. "कोणाच्या हातात काही नव्हते."

जाणूनबुजून असत्य बोललो. प्रायश्चित्त करणार नाही.

रविवार, १७ जानेवारी

इंग्रजी तारखेने त्या दिवसाला आज चार वर्षे झाली. सुमतीला सांगायचेच, असे ठरवून पाकीट घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेलो. ती तांदूळ निवडीत होती. माझ्या तोंडून शब्द फुटण्यापूर्वी, मान वर न करता तीच म्हणाली, "कपाट परत लावलं तेव्हा पाहिलं मी, मामंजी. पाकीट जागेवर नव्हतं."

कपाटामागे चार बोटे धूळ होती. पाकिटावर कणही नव्हता.