माझी पाळी

उल्हासनगर,
गुरुवार, १४ मार्च १९९१

प्रिय आईस,
शमुवेलचा सप्रेम सलाम.

काल नीलिमाताई बेलवलीहून मला भेटायला इथे शिवणाच्या कारखान्यात आली होती. दारू पिऊन कामावर गेल्यामुळे माझी कंपनीतली नोकरी गेली आणि लाजेने मी घर सोडलं, तरी संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत तू माझी पाळी गाळत नाहीस, असं ती म्हणाली. ताईची प्रार्थना झाली की माझ्या प्रार्थनेपुरता वेळ तू डोळे मिटून गप्प बसतेस आणि मगच आमेन म्हणतेस.

"आई, तो इथे नाही," असं ताईने सांगून पाहिलं, तर तू म्हणालीस, "देवाला त्याचा पत्ता ठाऊक आहे."

"तुझी प्रार्थना पहिल्यापासून लांबलचक," ताई मला म्हणाली, "म्हणून आईही तेवढीच थांबते. रोज भात गार होतो आमचा."

आई, इथे आल्यावरही मी प्यायलो. देवाशी बोलायला आपल्याला तोंड उरलं नाही, असं वाटायचं. आज दिवेलागणीला मात्र जीन्स शिवता शिवता मी मशीन थांबवलं. शेजारच्या सुदामने विचारलं, "काय रे, सुई मोडली काय?"

"नाही. घरी माझी पाळी आली असेल."

तो हसला नाही. त्यानेही आपलं मशीन थांबवलं. मला एवढंच म्हणता आलं, "प्रभू, मी अजून तुझाच आहे."

हे पत्र टपालात टाकत नाही. ते पोहोचायच्या आत, परवा शनिवारी मीच ते घेऊन येतो. प्रार्थना लहान करीन. भात गरम असू दे.

तुझा,
शमुवेल