टाकीमागची रेंज

सौ. विहीणबाई दमयंतीबाई यांस,

गुहागरहून गंगेचा वाकून नमस्कार (गुडघे वाकू देतात तेवढाच). बीपी कसा आहे? दापोलीची हवा थंड, तुमचा स्वभाव गरम, तेव्हा जपा. आम्ही खुशाल. अक्षर नात ईशाचं, शब्द माझे. टोचले तर मला बोला, वाचता आले नाहीत तर तिला.

तर आपल्या दोघींचा नातू विनीत सुट्टीत एक खेळ घेऊन आला होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. शंभर वर्षांनंतरचं शहर तो तोंडाने सांगतो आणि बाकीच्यांनी त्यात चोऱ्या करायच्या. ईशाला जोडीदार हवा होता, म्हणून मी हॅकर झाले (सही अंगठ्याची, धंदा कॉम्प्युटर फोडण्याचा). विनीत म्हणाला, आजी, तीनदा चुकलीस की पकडली गेलीस, मग खेळाबाहेर. जाऊन पन्हं कर. म्हटलं, बघू.

एका कंपनीने तापाचं औषध दडवलेलं, त्याची कृती यंत्रातून काढायची. बारा तोंडांचा फासा. आठ किंवा वर पडले की कुलूप उघडतं. पण त्या मेल्या इमारतीत रेंज बिघडवणारं यंत्र, म्हणून पडेल त्यातून पाच वजा. पहिल्यांदा अकरा पडले, झाले सहा. दुसऱ्यांदा बारा, झाले सात. बाराच्या वर आकडाच नाही, म्हणजे जन्मभर टाकत बसलं तरी कुलूप हलायचं नाही. विनीत स्वयंपाकघराकडे बघून हसायला लागला.

आता विहीणबाई, रेंजचं मला कोणी शिकवू नये. आमच्या आगरात माडांखाली फोन मुका. अख्खी वाडी वर सड्यावर, उघड्या कातळावर जाऊन मुंबईशी बोलते. कोण कुठल्या दगडावर उभं राहतं ते मला पाठ आहे (काय बोलतं तेही). मी फासा खाली ठेवला आणि विचारलं, "बाळा, तिथल्या राखणदाराला बायको आहे?"

विनीत गडबडला. म्हणाला, असेल.

"मग तो तिला फोन कुठून करतो?"

पोरगं प्रामाणिक (ते आमच्याकडून आलं). डोकं खाजवून म्हणाला, गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे. म्हटलं, मग मीही टाकीमागे. वजाबाकी संपली. फासा टाकला, नऊ पडले, औषध गावभर.

विनीतने टाकीमागच्या रेंजचा नियम वहीत लिहिला आणि वर माझं नाव घातलं. ईशाने त्यावर माझं बोट ठेवून दाखवलं. मी बराच वेळ ते बोट उचललं नाही. पन्हं विनीतने केलं. साखर कमी होती, तरी दोन पेले प्याले.

घरात मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, व्याह्यांना दोन्हीतलं त्यांना आवडेल ते.

तुमची
गंगा

ता.क. सोबत कुळथाचं पीठ आहे.

आणखी ता.क. पुढच्या खेळातला राखणदार अविवाहित आणि अनाथ असेल, असं विनीत बजावून गेलाय. ती वही तुमच्याच घरी आहे. तुम्ही सातवी पास (मुलांच्या लग्नात तीनदा सांगितलंत), तेव्हा तो आंघोळीला गेला की पुढची पानं वाचून कळवा. पत्रानेच, फोन तोच उचलतो. आणि याला चोरी म्हणू नका. ईशा म्हणते, खरं हॅकिंग यालाच म्हणतात.