न्हाणीतली शिळा

ती. आत्याबाईंना सूनबाईचा साष्टांग नमस्कार.

आज सकाळी मामंजींनी घरच्या न्हाणीत आंघोळ केली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच! ही बातमी सांगायची तरी कोणाला? यांना सांगितली, तर "बरं झालं" म्हणत टोपी घालून शाळेत शिकवायला निघून गेले. मग तुमच्याशिवाय कोण उरलं? हे पत्र टपालात पडायचं नाही, देवघरात तुमच्या जपमाळेखाली राहील. तुम्हाला वाचता येत नव्हतं, हे विसरले नाही. पण आता आहात तिथे कोणीतरी वाचून दाखवीलच की!

आत्याबाई, आज थोडं रागावू का? त्या न्हाणीबद्दल मी तुमच्या किती विनवण्या केल्या होत्या! पाणी साचतं, शिळेवर शेवाळ धरतं, थोडा उतार काढून घेऊ. तुमचं एकच उत्तर, "देवघराला आधी रंग द्या. न्हाणीला काय धाड भरलीय?" देवघराला रंग दिला. आणि त्याच श्रावणात तुम्ही त्या शिळेवरून घसरलात, अंथरुणाला खिळलात, त्या पुन्हा उठला नाहीत.

तुमचे दिवस झाले आणि मामंजी रोज आंघोळीला प्रवरा नदीवर जाऊ लागले. पहाटे काठी टेकीत, धोतराचा पिळा खांद्यावर टाकून. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, अंगावर काटा येईल अशी थंडी. मी म्हटलं, न्हाणीतली ती शिळा काढून टाकते, घरीच पाणी तापवते. तर म्हणाले, "शिळा हलवायची नाही." मग तिच्यावर बसून आंघोळ करा, म्हटलं. तर तेही नाही! लग्न होऊन तुम्ही या घरात आलात तेव्हा ती शिळा बैलगाडीत घालून त्यांनीच आणली होती ना? "मीच आणली ती," एवढं एकदाच म्हणाले आणि तोंड फिरवून बसले. मी काय ते समजले.

पण एके दिवशी शेजारचे इमामभाई त्यांना हाताला धरून घरी घेऊन आले. ओलेचिंब, गुडघा सोललेला. इमामभाई म्हणाले, "भाभी, बाबा पाण्यात गेलेच होते. मी म्हशी धुवायला आलो म्हणून बरं. यांना आता एकटं धाडू नका." मामंजींचा तोरा मात्र कायम, "दर एकादशीला इतकी वर्षं जातोय. नदी ओळखते मला."

"नदी ओळखते हो, पण पायऱ्या तुम्हाला दिसत नाहीत, त्याचं काय?" असं मी बोलून गेले. तुमच्यासमोर असं बोलायची माझी छाती झाली नसती! पण एक माणूस पाण्यापायी गेलं होतं, आत्याबाई. दुसरं जाऊ द्यायचं का?

हे म्हणाले, "गवंडी लावू."

"पैसे?"

"मग पुढच्या वर्षी लावू."

"आणि हा हिवाळा?"

मी पदर खोचला. लढाईमुळे सिमेंट नजरेला पडत नाही, म्हणून चुना भिजत घातला. परड्यातल्या पडक्या भिंतीच्या विटा कुटून चुरा केला. घासलेटचे रिकामे डबे उलगडून बांबूच्या तट्ट्याच्या जागी पत्र्याचं दार केलं. आणि माळ्यावरच्या पाळण्याची दांडी आठवते? यांना तुम्ही जोजवलं त्याच पाळण्याची. ती शिळेशेजारी भिंतीत आडवी बसवली, उठता-बसता धरायला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "मॅट्रिक झालेली सून आणली, ती गवंडीण निघाली!"

राहिली शिळा. हलवायची नाही, आणि ती तर आरशासारखी गुळगुळीत. तुळशीपुढे बसले असताना गल्लीतून हाक आली, "जात्याला टाकीऽऽ, पाट्याला टाकीऽऽ!" मी तशीच उठले. पाटा गुळगुळीत झाला की आपण टाकून देतो का? टाकी घालून पुन्हा खरखरीत करून घेतो!

टाकीवाली गिरजा शिळा बघून हसायलाच लागली. "अवं बाई, न्हानीच्या दगडाला टाकी? हिच्यावर काय पुरन वाटताय व्हय?"

"सासरे बसायचेत तिच्यावर. पाय घट्ट राहिला पाहिजे."

"मंग बारीक घालते. न्हाईतर म्हाताऱ्याचं बूड सोलंल!"

छिन्नीचा आवाज ऐकून मामंजी ओसरीवरून विचारू लागले, "कोणाचं जातं गं?" विचारलं नव्हतं ना त्यांना! म्हटलं, "जातं नाही. शिळा आहे. जागची हलवली नाही मी." भिंत चाचपत ते आत आले, खाली बसले, दगडावर तळवा फिरवू लागले. गिरजानं हात थांबवला. मग तिलाच म्हणाले, "इकडच्या कडेला नीट घाल. ती डावा पाय आधी टाकायची."

मी चुलीपाशी जाऊन उगाच लाकडं सारखी करत बसले.

मग माझी फजिती! चुन्यात गुळाचं पाणी घालतात, हे माहेरी ऐकलेलं. किती घालायचं, ते ऐकलं नव्हतं. एरवी आखडता असणारा माझा हात नेमका गुळाला सैल सुटला. शिळेभोवती उतार काढून सांध्यांत चुना भरला आणि सकाळी बघते तर न्हाणी काळी! मुंगळेच मुंगळे! मारू कशी? दर शनिवारी त्यांना पीठ-साखर घालणारी मीच. शेवटी परड्यात साखर ठेवून त्यांची विनवणी केली, आणि ते गेल्यावर सांधे उकरून पुन्हा भरले. मामंजी ओसरीवरून म्हणाले, "शिळेला नैवेद्य दाखवलास वाटतं?" आणि हसले, आत्याबाई! खळखळून! तुमच्या मागे तो आवाज मी विसरूनच गेले होते.

चुना वाळेपर्यंत हे रोज त्यांच्याबरोबर नदीवर गेले. आज पहाटे मी काही न बोलता बंब पेटवला, घंगाळ भरलं. मामंजी दाराशी थबकले. हात दांडीवर. मग पाय उचलला. डावा.

मी बाहेर कान देऊन उभी. आधी नुसतं पाणी पडल्याचा आवाज. मग गंगेचं, यमुनेचं नाव. मग त्यात प्रवरेचंही! आणि मग खणखणीत हाक, "सूनबाई, पाणी निवलं! आणखी एक घंगाळ आण!"

तांब्याभर पाण्यात आंघोळ उरकणारा माणूस! मी आणखी दोन लाकडं सारली. जळणाचा हिशेब आज मांडायचा नाही असं ठरवलंय.

आता एक वचन देते. दर वर्षी गिरजा आली की आधी शिळेला टाकी, मग जात्याला. एकादशीला ते नदीचा हट्ट धरतीलच, तेव्हा त्यांच्या हाताला माझा हात असेल. आणि तुम्ही डावा पाय टाकत होतात त्या कडेवर शेवाळाचा ठिपकाही धरू देणार नाही.

तुमची गवंडीण सून,
सुमती